ज्याच्या घरी जेवलास

टोलेडोत कुठल्याही न्हाव्याच्या दुकानात जा आणि विचारा, ग्लेझर्स संघाचं वाटोळं कुणी केलं? खुर्चीतला माणूस तोंडावरचा गरम टॉवेल बाजूला करून सांगेल, "एमिल टोर्माने." त्याने एमिलला उभ्या जन्मात पाहिलेलं नसतं. पण फुटबॉलच्या, म्हणजे आमच्या अमेरिकेतल्या हाताने चेंडू फेकायच्या फुटबॉलच्या बाबतीत आमच्या गावात प्रत्येकाला सगळं ठाऊक असतं, आणि खापर फोडायला एक डोकं सापडलं की गाव दुसरं शोधत नाही.

मी एमिलला पाहिलेलं आहे. ग्लेझर्सच्या कचेरीतलं स्वयंपाकघर निवृत्त होईपर्यंत मी चालवत होते. मालकीणबाईंपासून मैदानाचं गवत कापणाऱ्यापर्यंत सगळे माझ्या हातचं जेवले. जेवताना माणूस खोटं कमी बोलतो, म्हणून माझं म्हणणं ऐकायला हरकत नाही.

एमिल आमचा पारखी होता. ऑगस्ट लागला की गाडी काढायची आणि केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया असं कॉलेजामागून कॉलेज पालथं घालायचं. पोरांचा सराव बघायचा, मॅच बघायची, मार्क द्यायचे. मग एप्रिलमध्ये ड्राफ्टचा दिवस येतो. त्या दिवशी देशातले सगळे संघ आळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलतात, आणि मागच्या मोसमात जो तळाला त्याची पाळी पहिली. आमची पाळी नेहमी लवकर यायची, यावरून काय ते समजा. चार महिन्यांची एमिलची वणवण त्या एका दुपारसाठी असायची, आणि त्या दुपारीही त्याला फारसं कुणी विचारत नसे.

त्याची बायको गेली होती. म्हणजे वारली नव्हती, डेटनला गेली होती, एका दाताच्या डॉक्टरबरोबर. मूलबाळ नव्हतं. जेनेसी स्ट्रीटवर आईवडिलांचं घर होतं, तिथे तो हिवाळ्यापुरता यायचा. एरवी मोटेल. परत आला की माझ्यासाठी कोटाच्या खिशांतून मोटेलांतले छोटे छोटे साबण काढून ओट्यावर ठेवायचा. मी म्हणायचे, "अरे, मी काय एवढी मळकट दिसते का?" तो हसायचा. भेट म्हणून दुसरं काय आणणार बिचारा? जिथे तो राहायचा तिथे विकत घेण्यासारखं काही नसायचंच.

रस्त्यावर असला की दुपारी स्वयंपाकघरातला फोन वाजायचा.

"काय केलंयस आज?"

"कोंबडीचं पापरिकाश."

"कोण कोण बसलंय?"

मी टेबलाकडे बघून नावं सांगायचे. आमचे मुख्य कारभारी हॅडली साहेब, ट्रेनर, तिकिटांच्या खिडकीवरच्या दोघी. तो पलीकडून "हं, हं" करत राहायचा. मग म्हणायचा, "ठीक आहे, मी इथे काहीतरी खातो." ते काहीतरी म्हणजे डब्यातलं सूप, मोटेलच्या कॉफीच्या भांड्यात गरम केलेलं. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

आता धंद्याचा एक नियम सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. एमिलला हे काम शिकवलं ऑर्विल नावाच्या एका म्हाताऱ्या पारख्याने. तो मरताना इस्टेट म्हणून एवढंच ठेवून गेला: ज्याच्या घरी जेवलास त्याला मार्क देऊ नकोस. आया चतुर असतात, पानात काय वाढायचं ते त्यांना बरोबर कळतं. नव्या पारख्यांकडून एमिल हे वाक्य पाठ करून घ्यायचा. स्वतःही पोरांच्या घराबाहेर गाडीत बसून सँडविच खायचा आणि मग दार वाजवायचा, म्हणजे "जेवून आलोय" हे खरं ठरायचं.

दुसरी रीत फक्त आमची. पारखी लोक बोलताना म्हणतात, "या पोरासाठी मी टेबलावर उभा राहीन." बाकी संघांत ते नुसतं बोलणं असतं. आमच्याकडे मालकीण क्रेनबाईंच्या वडिलांनी फर्मान काढलं होतं, की म्हणतोस तर उभाच राहा. ड्राफ्टच्या खोलीत ओकचं लांबलचक टेबल आहे. बूट काढायचे, वर चढायचं आणि बोलायचं. एकदा चढलं की तो पोरगा तुमचा. चालला तर संघाचा, बुडाला तर तुमचा. ड्राफ्टमध्ये शेवटचा शब्द हॅडली साहेबांचा, पण ते कधी चढले नाहीत. त्यांच्या बुटांची वादी फार घट्ट असायची म्हणे.

एमिलही कधी चढला नव्हता. म्हणूनच तो चढला तेव्हा खोलीतला श्वास थांबला. मी हॅमची सँडविचं घेऊन आत जात होते. बघते तर एमिल मोज्यांवर टेबलाच्या मधोमध उभा, उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला, डोकं दिव्याला टेकतंय.

"डॅरल स्टिडम," तो म्हणाला. "केंटकीचा. चेंडू फेकणारा. कॉलेज लहान आहे, तुम्ही नाव ऐकलं नसेल. पण मॅच हरली की हा पोरगा सगळ्यांत शेवटी मैदानाबाहेर येतो. आधी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवतो. माझ्या आयुष्यात असा पोरगा मी पाहिलेला नाही."

"फेकतो कसा?" हॅडली साहेबांनी विचारलं.

"धीराने," एमिल म्हणाला.

हॅडली साहेबांना स्वतःचं असं मत नव्हतंच. कधी न चढणारा माणूस चढलाय म्हणजे काहीतरी असणार, असं सगळ्यांनी एकमेकांकडे बघत ठरवलं. आमच्या पहिल्या पाळीला डॅरल स्टिडमचं नाव गेलं. आख्ख्या देशाने विचारलं, कोण स्टिडम?

पोरगा आला आणि मला तो आवडला, हे मी लपवत नाही. ताट स्वतः धुऊन ठेवायचा. "मिसेस बर्नीस, तुमच्या सूपात मिरी थोडी जास्त पडते, पण मला चालते," असं तोंडावर सांगायचा. एमिलला "मिस्टर एमिल" म्हणायचा आणि तो परतीच्या वाटेवर असला की त्याच्यासाठी केकचा तुकडा राखून ठेवायला लावायचा. पण मैदानात त्याचं काही खरं नव्हतं. चेंडू हातात घेऊन तो उभाच राहायचा. समोरचे धिप्पाड राक्षस येऊन आदळेपर्यंत त्याचा विचार संपायचा नाही. एक मोसम गेला, दुसरा गेला. स्टेडियममधले लोक ओरडायचे, "अरे फेक! चेंडू आहे तो, आंबवायला ठेवलायस का?" तिसऱ्या मोसमानंतर त्याला नारळ दिला.

त्याच्याआधी हॅडली साहेबांनी उचललेला एक धावणारा धावता धावता थकायचा, आणि एका महाकाय पोराला कुणाला धडक द्यायलाच आवडायचं नाही. पण त्यांच्यासाठी टेबलावर कुणी चढलेलं नव्हतं. त्यामुळे ते कुणाचेच नव्हते.

जानेवारीत आमच्याकडे वर्षभराची तिकिटं घेणाऱ्या लोकांची सभा भरते. स्टेडियमच्या जेवणाच्या हॉलमध्ये, सूप आणि पाव आमच्याकडून, शिव्या त्यांच्याकडून. त्या वर्षी क्रेनबाईंनी आधीच जाहीर केलं होतं, की या चुकीच्या निवडींना जबाबदार कोण हे त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं जाईल. सकाळी मी कांदे परतत होते तेव्हा हॅडली साहेब एमिलला घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आले. मला ते माणसांत धरत नसत, म्हणून माझ्यासमोर ते काहीही बोलायचे.

"हे बघ एमिल, सोपं आहे. स्टिडमचा खांदा कॉलेजपासूनच दुखावलेला होता. त्याने आपल्यापासून लपवलं. मी सांगेन, तू फक्त मान हलवायची."

"त्याचा खांदा ठणठणीत आहे, साहेब."

"असू दे ना. पोरगा तर गेलाच. गेलेल्या माणसाला दोष दिला तर दुखतं कुणाला?"

"त्याला दुसऱ्या संघाने चाचणीला बोलावलंय. वसंतात. खांद्याचं ऐकलं तर दारात उभं करणार नाहीत."

हॅडली साहेबांनी माझ्या टोपलीतला पाव उचलून तोडला. "मग तू सांग कुणाचं नाव घेऊ. कुणाचं तरी घ्यावंच लागणार आहे. तुझी पेन्शन जवळ आली ना? आणि नोकरी गेली तर करणार काय तू? जाणार कुठे?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. एमिलचा चेहरा मात्र उतरला. रस्ता त्याला आवडायचा अशातला भाग नव्हता. पण त्या रस्त्याशिवाय त्याला कुणी कुठे बोलावणारं नव्हतं, हे त्याला माहीत होतं.

साहेब गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "अगं बर्नीस, तू काय म्हणतेस?"

"मला कशाला विचारतोस? तुझं ठरलेलं आहे. तुला फक्त सोबत हवीय."

तो ओट्याशी आला. पातेल्यातलं सूप ढवळून देऊ का, म्हणाला. मी डाव त्याच्या हातात दिला.

सभेत हॉल गच्च भरला होता. हॅडली साहेबांनी माइक घेतला आणि गोड आवाजात खांद्याची गोष्ट सुरू केली. लोक हळहळायला लागले. लोकांना गोष्ट लागते, खरी असली पाहिजे असं काही नाही. मी सुपाची पातेली घेऊन भिंतीशी उभी होते, म्हणून मला आधी दिसलं. एमिल खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. मग तो पुढच्या टेबलावर चढला, सुपाच्या वाडग्यांमधून पाय टाकत. या वेळी मोजे नवे होते. म्हणजे घरातूनच ठरवून आला होता.

"खांदा ठणठणीत होता," तो म्हणाला. "पोराने काही लपवलं नाही. लपवलं मी."

"किती पैसे खाल्लेस रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पैसे नाही. जेवलो. मी त्याच्या घरी जेवलो."

हॉलमध्ये असा हशा पिकला की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय खाल्लंस एवढं? बैल?"

"बीन्स आणि मक्याचा पाव," एमिल म्हणाला, आणि तो इतक्या सरळपणे म्हणाला की हसू हळूहळू विरलं. "पुराने रस्ता बंद झाला होता. त्याची आई, वेल्माबाई, म्हणाली, गाडीत कुठे बसता, आत या. नवरा वारला होता तिचा. त्याची खुर्ची रिकामी होती, तिथे मला बसवलं. मला विचारलं, आज दिवस कसा गेला. मला कुणी असं विचारून खूप वर्षं झाली होती. पोराने माझं ताट उचललं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. पूर ओसरला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेलो."

क्रेनबाई म्हणाल्या, "एमिल, खाली उतर."

"उतरतो, मॅडम. एवढं सांगून उतरतो. तो कॉलेजातही उशिरा फेकायचा. माझ्या डोळ्यांना दिसत होतं. मी त्याला धीर म्हटलं. मी पोरगा निवडलाच नाही, मी ते जेवणाचं टेबल निवडलं. तो या दर्जाचा नव्हता. कधीच नव्हता. त्यात त्याची काही चूक नाही. चूक माझी आहे."

त्याने खाली उतरून बूट हातात घेतले आणि तसाच बाहेर गेला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी सुपाचा डाव आपटला. आता तो अभिमान आठवला की माझी मलाच लाज वाटते, कारण तेव्हा त्या खोलीत डॅरल नव्हता, आणि ती वाक्यं डॅरलच्या कानांनी ऐकून बघावीत हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

एमिलला त्याच आठवड्यात काढलं. हॅडली साहेबांना बढती मिळाली, कारण बाईंच्या मते त्यांनी प्रकरण तडीला नेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणायचा मला मोह होतो. पण एमिल काही अगदी संन्यासी नव्हता. एका सगळ्यांत लहान नियमापाशी तो घसरला आणि आख्ख्या संघाची तीन वर्षं त्यात गेली. हे तो मान्य करतो, तर मी कोण नाकारणारी? गावाने त्याचं नाव बीन्सवाला ठेवलं. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या दिवशी लोकांनी स्टेडियमच्या फाटकाशी बीन्सचे रिकामे डबे ओवून माळ बांधली. रेडिओवर रोज एक तरी महाभाग फोन करून विचारायचा, "यंदा कुणाच्या घरी जेवण आहे?"

एमिलने ते सगळं सोसलं. त्याला वाटत होतं, पोराचं नाव तर वाचलं. मग मे महिन्यात कळलं की त्या दुसऱ्या संघाने बोलावणं मागे घेतलं. खांदा दुखावलेला असता तर बरा होईल म्हणून निदान थांबले असते. पण ज्याला शोधून आणणारा माणूसच भर सभेत सांगतो की हा कधीच या दर्जाचा नव्हता, त्याला कोण चाचणीला उभं करेल? हॅडली साहेबांच्या खोट्याने पोराचा खांदा गेला असता. एमिलच्या खऱ्याने पोरगाच गेला.

ड्राफ्टपासून दर नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाआधी, वेल्माबाईचा फोन यायचा. "एमिल, तुझी खुर्ची आहे." त्या वर्षी फोन आला नाही. एमिल दोन दिवस फोनजवळ बसला. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अक्रोडाचा रोल करून देशील? रिकाम्या हाताने कसं जाऊ?"

"बोलावलंय का?"

"नाही."

"मग जाऊ नकोस ना, बाबा."

"मला त्याला सांगायचंय, बर्नीस. मी बोललो ते त्याच्याविरुद्ध नव्हतं."

मी रोल करून दिला. तो दिवसभर गाडी चालवत गेला. पुढचं मला त्याने परत आल्यावर सांगितलं, तेही तुकड्या तुकड्याने. दार वेल्माबाईने उघडलं. मागे टेबल मांडलेलं दिसत होतं, माणसं बसलेली दिसत होती. ती बाहेर ओसरीवर आली आणि दार पाठीमागे ओढून घेतलं.

"डॅरल आहे का घरात?"

"आहे."

"त्याला जरा सांगाल का—"

"तुमचं सांगून झालंय, मिस्टर टोर्मा. सगळ्या देशाला सांगून झालंय."

तिने त्याला पूर्वी कधी मिस्टर टोर्मा म्हटलं नव्हतं.

"मी खोटं बोलू दिलं नाही त्यांना," एमिल म्हणाला. "तुमच्या पोरासाठी."

"ठाऊक आहे मला. खरंच बोललात तुम्ही." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "तो हरला त्याचं त्याला दुःख नव्हतं हो. त्याला वाटायचं, एकदा तरी एका जाणत्या माणसाने मला ओळखलं होतं. तेवढ्यावर तो तीन वर्षं शिव्या खात होता. आता म्हणतो, आई, ते माझ्यासाठी आलेच नव्हते, तुझ्या बीन्ससाठी आले होते."

 एमिलने रोल पुढे केला. तिने घेतला, "थांबा" म्हणाली आणि आत गेली. त्याला वाटलं, आत बोलावणार. ती परत आली ती वर पातळ कागद गुंडाळलेली पत्र्याची थाळी घेऊन, दुकानात मिळते ना, खाऊन फेकून द्यायची, तसली.

"माझ्या दारातून कुणी उपाशी जात नाही," ती म्हणाली आणि दार लागलं.

एमिलने ते पेट्रोल पंपाशेजारी गाडी लावून खाल्लं. मला राहवलं नाही, मी विचारलं, "कसं होतं?"

"तेच," तो म्हणाला. "तीच चव." मग म्हणाला, "थाळी परत न्यायला नको अशी दिली."

याला बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झाले. रविवारी ग्लेझर्सची मॅच असली की एमिल माझ्याकडे येतो, जुन्या सवयीने खिशातून काहीबाही काढून ओट्यावर ठेवतो आणि आम्ही रेडिओ लावतो. ग्लेझर्स अजून हरतात. हॅडली साहेब केव्हाच दुसऱ्या शहरात मोठे झाले. मी वाढते. टेबलाला दोन खुर्च्या आहेत, त्यातली एक त्याच्यासाठीच मी बाहेर ओढून ठेवते. पण तो ताट उचलतो आणि ओट्याशी उभ्यानेच जेवतो.

पहिल्यांदा मला वाटलं कंबर दुखत असेल. मग कळलं, कुणाच्याही घरी टेबलाशी बसून जेवायचं नाही असं त्याने ठरवलंय. तेव्हापासून मी दर रविवारी ओरडते, "अरे बस की! आता कुणाला मार्क द्यायचेत तुला?"

"नको, असाच बरा आहे," तो म्हणतो आणि भिंतीकडे बघत घास घेतो.

माझा संताप होतो. माणसाने स्वतःला एवढीही शिक्षा करू नये. पण ओरडून कुणी खुर्चीत बसत नाही, हे मला या वयात कळायला हवं होतं. मागच्या रविवारी पापरिकाश केलं होतं. रेडिओवर कुणीतरी नव्या पोराला शिव्या घालत होतं, की एवढ्या उशिरा का फेकतोस म्हणून. एमिलचा घास हातातच राहिला होता. मी माझं ताट उचललं आणि जाऊन त्याच्या शेजारी ओट्याशी उभी राहिले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू का उभी?"

"जेव मुकाट्याने," मी म्हटलं. "आणि जरा लवकर. माझे गुडघे दुखतात."